गॉथिक कविता आणि कथा: मूड व टोन वेगळे कसे ओळखावेत आणि उत्तरात कसे मांडावेत

इंग्रजी साहित्याच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत, तसेच नेट-सेटच्या तयारीत, अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोच्या एखाद्या कथेवर ‘मूड आणि टोन स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरांत एकच वाक्य थोड्याफार फरकाने वाचायला मिळते: कथेचा मूड उदास व भयाण आहे आणि तिचा टोनही उदास व भयाण आहे. हे वाक्य पोच्या जवळजवळ प्रत्येक कथेला चिकटवता येते, त्यामुळे समोरच्या कथेविषयी त्यातून काहीच कळत नाही. चूक शब्दसंग्रहाची नसते, क्रमाची असते. काळोख, वादळ, पडका वाडा या गोष्टी आधी डोळ्यांत भरतात, म्हणून वाचक मूडपासून सुरुवात करतो आणि मग तोच शेरा टोनलाही देऊन मोकळा होतो.

या लेखात मूड म्हणजे भाववातावरण, अर्थात वाचता वाचता वाचकाच्या मनावर साचत जाणारा परिणाम. आणि टोन म्हणजे सूर, अर्थात बोलणाऱ्याची विषयाकडे, ऐकणाऱ्याकडे आणि स्वतःकडे पाहण्याची वृत्ती, जशी ती त्याच्या वाक्यरचनेतून प्रकट होते तशी. अभिजात गॉथिक लेखनात, म्हणजे भय आणि गूढ यांभोवती फिरणाऱ्या साहित्यात, या दोन्ही गोष्टी क्वचितच एका दिशेने जातात आणि भीती बहुतांशी त्यांच्यातल्या अंतरातून निर्माण होते. म्हणून खालील क्रम पाळावा: आधी बोलणारा, मग टोन, मग मूड, आणि शेवटी त्यांतले अंतर.

## तयारी

मूळ इंग्रजी पाठ संपूर्ण हाताशी असावा. सारांशावरून किंवा गाइडमधल्या उताऱ्यांवरून मूडचा थोडाफार अंदाज येतो, टोनचा येत नाही, कारण टोन शब्दक्रमात, विरामचिन्हांत आणि बोलणाऱ्याने काय सांगायचे टाळले यात असतो, आणि सारांश करताना नेमके तेच गाळले जाते. मराठी अनुवाद अर्थ लावण्यासाठी शेजारी ठेवायला हरकत नाही, पण खुणा मूळ पाठावरच कराव्यात.

पाठ कोणता आहे हेही पाहावे लागते. इंग्रज कवी कीट्सच्या ‘ला बेल दाम साँ मेर्सी’ या कवितेचे दोन पाठ प्रचलित आहेत. १८१९ साली त्याने पत्रात उतरवलेल्या पाठात कवितेतला प्रश्नकर्ता समोरच्या माणसाला शस्त्रधारी सरदार म्हणून हाक मारतो, तर १८२० साली नियतकालिकात छापलेल्या पाठात तो त्याला ‘दुर्दैवी जीव’ अशा अर्थाचे संबोधन देतो. दुसऱ्या पाठात कीव पहिल्याच ओळीत उघड होते. पहिल्या पाठात शस्त्रे बाळगणारा माणूस असा निस्तेज का, हे कोडे शिल्लक राहते. वर्गात एक पाठ आणि घरी दुसरा असे झाले तर टोनविषयीचे निम्मे मुद्दे जुळत नाहीत.

दोन रंगांची पेने घ्यावीत, एक टोनसाठी आणि दुसरे मूडसाठी. वहीत तीन रकाने आखावेत: पहिल्यात ओळ किंवा परिच्छेदाचा क्रमांक, दुसऱ्यात टोनचा पुरावा, तिसऱ्यात मूडचा पुरावा. चौथा रकाना सध्या नको. अर्थ लावण्याची घाई त्याच रकान्यातून सुरू होते.

इशारा. लेखकाचे चरित्र या टप्प्यावर बाजूला ठेवावे. ‘द रेव्हन’ (डोमकावळा) ही कविता पोने पत्नी वारल्याच्या दुःखात लिहिली, असे विधान उत्तरपत्रिकांत सर्रास आढळते. कविता जानेवारी १८४५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याची पत्नी व्हर्जिनिया जानेवारी १८४७ मध्ये वारली. ती त्या काळात आजारी होती हे खरे, परंतु आजारपण म्हणजे मृत्यू नव्हे, आणि कवितेतला शोक करणारा माणूस म्हणजे पो नव्हे.

## टप्पा १: एका बैठकीत, मोठ्याने वाचन

पहिले वाचन खुणा न करता, एका बैठकीत आणि शक्यतो मोठ्याने करावे. एका बैठकीत वाचून न होणाऱ्या लेखनात परिणामाची एकता टिकत नाही, असे पोचे स्वतःचे मत होते, आणि निदान त्याच्या कथांच्या बाबतीत ते मानून चालणे सोयीचे आहे. मोठ्याने वाचण्याचे कारण व्यवहारी आहे: कुठे श्वास पुरत नाही, कुठे वाक्य तुटते, कुठे आवाज आपोआप खाली येतो, हे मूकवाचनात लक्षात येत नाही. वाचून झाल्यावर फक्त एवढेच लिहावे की आपल्याला अस्वस्थ वाटायला नेमके कुठे सुरुवात झाली. कारण लिहू नये.

## टप्पा २: कोण बोलतो, कोणाशी, आणि किती काळानंतर

हा टप्पा ओलांडून पुढे गेलेले उत्तर पुढे कितीही सजवले तरी सावरत नाही. तीन प्रश्नांची उत्तरे पाठातल्या शब्दांनिशी लिहावीत.

‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) मध्ये बोलणारा एका ‘तुम्ही’ला उद्देशून बोलतो. या ‘तुम्ही’ने त्याला वेडा ठरवले आहे आणि संपूर्ण कथा हा त्या आरोपाचा प्रतिवाद आहे. ‘द कास्क ऑफ अमोन्तिलादो’ (१८४६) मध्येही एक ‘तुम्ही’ आहे, मात्र तो बोलणाऱ्याचा स्वभाव चांगला ओळखणारा असल्याचे पहिल्याच परिच्छेदात सांगितले जाते. आणि कथेच्या शेवटी कळते की घटना घडून अर्धे शतक उलटले आहे. दोन्ही कथांत बोलणारा खुनी आहे, पण पहिला ताज्या उत्तेजनेत वाद घालतो आहे आणि दुसरा पन्नास वर्षे जपलेली आठवण परिचिताला ऐकवतो आहे. दोघांच्या टोनमधला फरक इथेच ठरतो, तळघरात किंवा अंधाऱ्या खोलीत नव्हे.

शार्लट पर्किन्स गिलमनच्या ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) मध्ये ऐकणारा कोणीच नाही. ती एक रोजनिशी आहे आणि डॉक्टर असलेल्या नवऱ्यापासून लपवून लिहिलेली आहे. त्याची चाहूल लागली की लेखन मध्येच थांबते. कीट्सच्या कवितेत बोलणारे दोघे आहेत: पहिली तीन कडवी प्रश्नकर्त्याची आणि चौथ्यापासून सरदाराची. शेवटच्या कडव्यात तळ्याकाठचे वाळलेले गवत आणि न गाणारे पक्षी यांविषयीचे पहिल्या कडव्यातले शब्द परत येतात, पण आता ते सरदाराच्या तोंडी असतात. शब्द तेच, मूडही तोच, पण बोलणारा बदलल्यामुळे टोन बदलला: आरंभी ते बाहेरून आलेल्या माणसाचे निरीक्षण होते, शेवटी ते अडकून पडलेल्या माणसाचे उत्तर आहे. हा बदल ज्याला दिसला त्याला मूड आणि टोन यांतला भेद पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

तृतीयपुरुषी निवेदन असेल तर टोन पात्राचा नसून निवेदकाचा असतो. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या ‘द मंकीज पॉ’ (१९०२) मध्ये व्हाइट दांपत्य घाबरलेले आहे म्हणून कथेचा टोन घाबरलेला होत नाही. निवेदक शेवटपर्यंत मोजके, कोरडे आणि आरंभी तर किंचित विनोदी बोलतो.

तपासणी. ‘लेखक म्हणतो’ असे वाक्य वहीत आले असेल तर ते खोडून तिथे ‘निवेदक’ किंवा पात्राचे नाव लिहावे. वाक्य तरीही खरे राहते का ते पाहावे.

## टप्पा ३: टोनचे पुरावे गोळा करणे

आता पहिले पेन घेऊन दुसरे वाचन. स्थळ, हवामान, प्रकाश यांकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे आणि फक्त बोलण्याची तऱ्हा पाहावी: वाक्यांची लांबी, डॅश व उद्गारचिन्हे, एकाच शब्दाची पुनरावृत्ती, ऐकणाऱ्याशी असलेली सलगी किंवा अदब, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काय सांगितलेले नाही.

‘द टेल-टेल हार्ट’ची सुरुवातच एका उद्गाराने होते आणि लगेच डॅशने तुटते. बोलणारा आपण अत्यंत अस्वस्थ होतो आणि आहोत हे मान्य करतो, पण वेडेपण नाकारतो. मग आपण किती निरोगीपणे व किती शांतपणे सगळी हकिकत सांगतो ते नीट पाहा, असे बजावतो. शांतपणाचा हा दावा ज्या वाक्यात आहे ते वाक्य स्वतः शांत नाही. पुढे तो सात रात्री मध्यरात्री म्हाताऱ्याच्या खोलीचे दार किती सावकाश उघडत होतो आणि नुसते डोके आत घालायला तासभर कसा घेत होतो, हे कारागिराने कसब सांगावे तसे सांगतो. इथे टोनला ‘भीतिदायक’ म्हणणे चूक आहे. तो फुशारकीचा आणि युक्तिवादाचा आहे, आणि कथेच्या अखेरीस वाक्ये तुकड्यातुकड्यांनी येऊ लागतात व एकच शब्द पुन्हा पुन्हा आदळतो तेव्हा ती फुशारकी कोसळते.

‘द कास्क ऑफ अमोन्तिलादो’मधला निवेदक माँत्रेसोर मात्र डॅश जपून वापरतो. सूड म्हणून भिंतीआड जिवंत चिणण्यासाठी फोर्तुनातोला तळघरात नेताना तो त्याच्या खोकल्याची काळजी करतो, तुझी प्रकृती मोलाची आहे, आपण परत फिरू, असे आग्रहाने सुचवतो. फोर्तुनातो म्हणतो की मी काही खोकल्याने मरणार नाही, आणि माँत्रेसोर त्याला संमती देतो. एवढ्या दोन शब्दांच्या संमतीत संपूर्ण कथेचा टोन सापडतो. तो यजमानाचा, अगत्याचा, आणि केवळ वाचकालाच कळणाऱ्या उपरोधाचा आहे. फोर्तुनातोचा अपराध कोणता, हे मात्र माँत्रेसोर कधीच सांगत नाही. हजार दुखावण्या आणि एक अपमान एवढाच उल्लेख होतो. हे न सांगणे टोनच्या रकान्यात ठळक अक्षरांत नोंदवावे, कारण कारण न देता निकाल ऐकवणारा माणूस ऐकणाऱ्याकडे सहानुभूती मागत नसतो.

‘द यलो वॉलपेपर’मध्ये टोन पकडणे अधिक कठीण आहे आणि चुकाही तिथेच जास्त होतात. आरंभी निवेदिका हलक्याफुलक्या, समजूतदार सुरात लिहिते: नवरा जॉन आपल्याला हसतो, पण लग्न म्हटले की ते आलेच. वाचक हे वाक्य गमतीचे समजून पुढे जातो. परंतु परिच्छेद छोटे छोटे आहेत, कित्येकदा एकाच वाक्याचे. आपण काय करू शकतो, अशा अर्थाचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. आणि प्रत्येक तक्रारीला लागूनच नवऱ्याची तरफदारी येते. तक्रार आणि तिची माघार हे जोडपे किती वेळा येते ते मोजावे. पुढे तरफदारी कमी होत जाते आणि नवऱ्याविषयीचा संशय उघड होतो. टोनचा आलेख तिथेच मिळतो, भिंतीवरच्या कागदाच्या वर्णनात नव्हे.

नेमका शब्द निवडण्याची कसोटी. टोनसाठी निवडलेला शब्द ‘… सुरात तो म्हणाला’ या चौकटीत बसला पाहिजे: फुशारकीच्या, आर्जवी, कोरड्या, उपरोधिक, अदबीच्या, चिडक्या, कबुलीच्या, समजूत घालण्याच्या. ‘काळोख्या सुरात’ किंवा ‘ओलसर सुरात’ असे कोणी म्हणत नाही; ते शब्द मूडच्या रकान्यात जातील. ‘गूढ’ हा शब्द दोन्ही रकान्यांत शिरू पाहतो, म्हणून तो दोन्हीकडून काढून टाकावा.

## टप्पा ४: मूडचे पुरावे

दुसरे पेन. इथे वेळ कमी लागतो, कारण पुरावे उघड असतात: वेळ, ऋतू, प्रकाशाचे उगम, आवाज, हवेचा ओलावा, बाहेर पडायच्या वाटा. नुसती यादी करून थांबू नये. कोणता तपशील आधी आणि कोणता नंतर येतो हे क्रमाने लिहावे. ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ (१८३९) च्या पहिल्या वाक्यात निवेदक येण्यापूर्वी शरद ऋतूतला मंद, अंधारलेला, निःशब्द दिवस येतो, खाली उतरलेले ढग येतात, आणि मग कुठे घोड्यावरून एकटा जाणारा ‘मी’ येतो. वाचक त्या माणसाला भेटण्याआधीच त्या हवेत कोंडला जातो. खिडक्यांना रिकाम्या डोळ्यांची उपमा थोड्याच अंतरात परत येते, तीही नोंदवावी.

त्याच कथेत पोने मूडच्या अभ्यासकाला एक उत्तम धडा देऊन ठेवला आहे. हे दृश्य नुसते वेगळ्या रीतीने मांडले तरी त्याचा दुःखद परिणाम कमी होईल, असा विचार करून निवेदक घोडा तळ्याच्या काठाशी नेतो आणि वाड्याचे उलटे प्रतिबिंब पाहतो; त्याला आधीपेक्षा जास्त शहारा येतो. अर्थ असा की मूड एकेका वस्तूत नसतो, त्यांच्या जुळणीत असतो. म्हणून ‘वाडा, तळे आणि ढग यांमुळे मूड निर्माण होतो’ हे विधान अपुरे आहे. ती जुळणी कोणत्या दिशेने दाब देते ते सांगावे लागते.

नेहमीची चूक. गॉथिक म्हणजे वादळी रात्र, हे गृहीत धरणे. कोलरिजच्या ‘क्रिस्टाबेल’ (१८१६) मध्ये निवेदकच विचारतो की रात्र गार आणि काळोखी आहे का, आणि स्वतःच उत्तर देतो की गार आहे, काळोखी नाही. आभाळावर पातळ करडा ढग आहे, पण तो आभाळ झाकूनही लपवत नाही. चंद्र पूर्ण आहे, तरी लहान व निस्तेज दिसतो. वाऱ्याचा कण्हण्यासारखा आवाज आला असे वाटते, पण क्रिस्टाबेलच्या गालावरची बट हलेल इतकाही वारा नाही. भीती अर्धवट झाकलेल्या गोष्टींतून येते. ‘द मंकीज पॉ’ तर त्याहून उलटी सुरू होते: बाहेर थंडी-पाऊस, आत ओढलेले पडदे, पेटलेली शेगडी आणि बुद्धिबळ खेळणारे बापलेक. भारतातल्या एका फकिराने मंतरलेला माकडाचा पंजा एक सार्जंट-मेजर या उबदार खोलीत आणून ठेवतो. आरंभीची ऊब वहीत नोंदवली नसेल तर शेवटी दारावर पडणाऱ्या थापा कशामुळे असह्य होतात ते सांगता येत नाही.

## टप्पा ५: कवितेसाठी लय आणि नाद

कथा अभ्यासत असाल तर हा टप्पा सोडून पुढे जावे.

‘द रेव्हन’ची १८ कडवी, प्रत्येकी सहा ओळी, एकूण १०८ ओळी. चाल अशी की जोराचा अवयव (सिलॅबल) आधी आणि हलका नंतर येतो. इंग्रजी कवितेत सहसा याच्या उलट क्रम ऐकू येतो. लांब ओळींत अशा जोड्यांची आठ पावले आणि कडव्याच्या शेवटच्या ओळीत त्यांच्या निम्मी. दुसरी, चौथी, पाचवी आणि सहावी अशा चार ओळी एकाच ‘ओर’ ध्वनीवर थांबतात, आणि चौथ्या-पाचव्या ओळींचा शेवट बहुधा तोच शब्द परत घेऊन होतो. पहिल्या व तिसऱ्या ओळीत मधल्यामध्येही यमक जुळते. वाचणाऱ्याला पुढे ढकलणारी चाल आणि दर कडव्याला त्याच भिंतीवर नेऊन आपटणारे यमक, यांतून कोंडलेपणाचा मूड तयार होतो.

कीट्सच्या कवितेत परिणाम उलट्या मार्गाने साधला आहे: कडव्याच्या तीन ओळी पुऱ्या आणि चौथी तोकडी. कान चौथ्या ओळीकडून जेवढे मागतो तेवढे मिळत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत न गाणारे पक्षी येतात. ‘क्रिस्टाबेल’च्या प्रस्तावनेत कोलरिजने सांगितले आहे की प्रत्येक ओळीत आघात चारच आहेत, अवयव मात्र सात ते बारा असू शकतात. त्यामुळे चाल कधी घाईची तर कधी खोळंबलेली वाटते आणि पुढची ओळ केवढी असेल याची खात्री राहत नाही.

इशारा. ‘दीर्घ ओ हा ध्वनी दुःखाचा आहे’ असे सरसकट लिहू नये. आनंदी इंग्रजी गाण्यांतही तो भरपूर असतो. ध्वनी स्वतः अर्थ आणत नाही, असलेल्या अर्थाला जोर देतो. म्हणून नादाचा प्रत्येक मुद्दा त्या ओळीच्या आशयाशी बांधावा, नाहीतर गाळावा.

## टप्पा ६: टोन कुठे वळतो

मूड सहसा साचत जातो, टोन वळतो. वळणाच्या जागा कडव्यांच्या किंवा परिच्छेदांच्या क्रमांकांनी लिहाव्यात. ‘द रेव्हन’चा आराखडा नमुन्यादाखल घ्यावा.

१. कडवी १ ते ३: पेंगुळलेला, स्वतःची समजूत घालणारा सूर. पडद्यांची सळसळ ऐकून दचकल्यावर कोणी पाहुणाच असेल, असे तो स्वतःलाच पुन्हा सांगतो.

२. कडवे ४: दाराबाहेरच्या अज्ञाताची अदबीने माफी मागणारा, ‘महाशय किंवा बाईसाहेब’ म्हणणारा, जवळजवळ विनोदी सूर. दार उघडल्यावर फक्त काळोख.

३. कडवी ५ ते ७: कुजबुज, प्रतिध्वनी, मग वाऱ्यावर खापर, आणि शेवटी पक्ष्याचा रुबाबदार प्रवेश.

४. कडवी ८ ते १२: पक्ष्याच्या गंभीर मुद्रेने त्याच्या उदास मनाला हसू येते, एखाद्या अभागी मालकाने याला ‘नेव्हरमोअर’ (पुन्हा कधीच नाही) हा एकच शब्द शिकवला असेल, असा तर्कही तो करतो, आणि पक्ष्यासमोर खुर्ची ओढून बसतो.

५. कडवी १३ ते १७: खुर्चीच्या मखमलीवरून त्याच्या मृत प्रेयसीची, लेनोरची, आठवण येते. मग प्रश्न, आर्जव, आणि अखेर किंचाळून चालते होण्याचा हुकूम.

६. कडवे १८: इतका वेळ भूतकाळात चाललेली कविता वर्तमानात येते. पक्षी अजूनही बसलेला आहे. सूर विझलेला.

मधल्या हास्याकडे दुर्लक्ष करणे ही इथली सर्वांत मोठी चूक आहे. पक्षी एकच शब्द बोलतो हे बाराव्या कडव्यापर्यंत त्याला नीट कळलेले असते. तरीही तो पुढचे प्रश्न अशा रीतीने विचारतो की ‘नेव्हरमोअर’ हे उत्तर सर्वांत जास्त टोचावे. पक्ष्याचा टोन शेवटपर्यंत बदलत नाही, कारण पक्ष्याला टोनच नाही. बदलतो तो विचारणारा. खोली, दिवा, डिसेंबरची रात्र हे सारे जसेच्या तसे असते.

तपासणी. संपूर्ण पाठासाठी वहीत टोनचा एकच शब्द लिहिलेला असेल तर टप्पा ३ पुन्हा करावा. याला अपवाद फारच थोडे आहेत.

## टप्पा ७: अंतर मोजणे

आता दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचावेत आणि प्रत्येक वळणापाशी एकच प्रश्न विचारावा: बोलणाऱ्याला ही परिस्थिती जशी वाटते तशीच ती वाचकाला वाटते का? ‘द यलो वॉलपेपर’ची निवेदिका खिडक्यांचे गज आणि भिंतीतल्या कड्या पाहून ही आधी लहान मुलांची खेळण्याची, व्यायामाची खोली असावी, असे निष्पाप अनुमान करते. त्याच गजांमुळे वाचकाला ती खोली कोठडी वाटू लागते. पलंग तर जमिनीला खिळलेला आहे. टोन निःशंक, मूड बंदिवासाचा, आणि भीती या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. ‘अशर’मधला निवेदक याउलट सगळे जाणतो, पण कारणे देत राहतो, वाड्यातल्या शेवटच्या वादळी रात्री आपली अस्वस्थता खोलीतल्या काळपट सामानामुळे असावी, असे तो स्वतःला पटवू पाहतो. तिथे हे अंतर हळूहळू मिटत जाते आणि ते मिटण्याचीच धास्ती वाटते.

अंतर कसे बदलते, वाढते की मिटते, हे एका वाक्यात लिहावे. तेच उत्तराचे मुख्य विधान.

## टप्पा ८: उत्तर लिहिणे

मुख्य विधान आधी, मग टोनचा पुरावा, मग मूडचा, मग वळण. हाच क्रम ठेवावा. लेखकाचा जन्म, चळवळीचा इतिहास, गॉथिक कादंबरीचा उगम यांना पहिल्या परिच्छेदात जागा देऊ नये. परीक्षेतला वेळ तिथेच संपतो.

अपुरे उत्तर: “या कथेतील तळघर, हाडे व अंधार यांमुळे भयाण मूड निर्माण होतो आणि लेखकाचा टोनही सुडाचा व भयाण आहे.”

पुरेसे उत्तर: “माँत्रेसोर अर्ध्या शतकानंतरही यजमानाच्या अगत्याच्या सुरात बोलतो, पाहुण्याच्या खोकल्याची विचारपूस करतो आणि त्याच्या दीर्घायुष्यासाठी प्याला उचलतो, दुसरीकडे भिंतींवरचा सोरा, हाडांचे ढीग आणि अरुंद होत जाणारी भुयारे यांनी वाचकाचा श्वास कोंडत जातो. सूर जितका सभ्य राहतो तितकी ही कोंडी वाढते. शेवटी भिंतीमागून फक्त विदूषकी टोपीचे घुंगरू ऐकू येतात, तेव्हा तो मन खचल्याचे कबूल करतो आणि लगेच त्याचे खापर तळघराच्या ओलीवर फोडतो. संपूर्ण कथेत सूर हलतो तो एवढ्याच ठिकाणी.”

दुसऱ्या उत्तरात ‘भयाण’ हा शब्द एकदाही आलेला नाही, याकडे लक्ष द्यावे. लिहून झाल्यावर आपल्या उत्तरातली अशी विशेषणे झाकून वाचावे; उरलेल्या मजकुरातून परिणाम कळत नसेल तर पुरावा कमी पडला आहे.

पोचा १८४६ चा ‘द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन’ हा निबंध उद्धृत करायचा असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तो ‘द रेव्हन’च्या रचनेविषयी असून कवितेनंतर लिहिला आहे आणि त्यातली रचनेची हकिकत इतकी नीटनेटकी आहे की समीक्षकांनी ती शब्दशः खरी मानायला वेळोवेळी नकार दिला आहे. शिवाय तिथे तो विषण्णता हा कवितेचा टोन असल्याचे म्हणतो. त्या वापरातला टोन आपल्या व्याख्येतल्या मूडच्या जवळ जातो. निबंधातले वाक्य जसेच्या तसे उत्तरात ठेवले तर दोन्ही रकाने पुन्हा एकमेकांत मिसळतात. घेण्यासारखे तिथे दुसरेच आहे: बाहेर वादळ आणि खोलीत शांतता, पक्षी ज्यावर बसतो त्या पुतळ्याचा पांढरा संगमरवर आणि काळी पिसे, या जोड्या विरोधासाठी योजल्याचे तो स्वतः सांगतो. हा मजकूर थेट मूडच्या रकान्यात घालता येतो.

एक अपवाद. काही पाठांत टोन आणि मूड यांत अंतर जवळजवळ नसते, आणि ते ओढून-ताणून दाखवू नये. ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ (१८४२) मधला निवेदक बखरकारासारखा दूरस्थ आणि भारदस्त बोलतो. सात दालने, काळ्या दालनातले शिसवी घड्याळ, त्याच्या ठोक्यांनी थबकणारे नाचणारे, सगळे तो एकाच समान गांभीर्याने मांडतो. इथे अंतर निवेदक आणि वाचक यांत नसून निवेदक आणि नाचणारी माणसे यांत आहे. त्यांचा सूर उत्सवाचा, त्याचा मरणाचा. आणि ‘आणि’ने सुरू होणाऱ्या एकामागून एक वाक्यांनी कथा संपते तेव्हा त्याचा एकट्याचा सूर उरलेला असतो. अशा पाठासाठी वहीत टोनचा रकाना दोन भागांत विभागावा, एक निवेदकासाठी आणि एक पात्रांसाठी, आणि टप्पा ७ मधला प्रश्न त्या दोन भागांमध्ये विचारावा.